शेऱ्याची जागा

लेस्टरला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो, ते काका चहाचं दूध तापवतानासुद्धा घोड्यांच्या शर्यतीतल्यासारखा भाव सांगायचे. "आज फाटणार. एकाला चार." मग पातेल्यात डोकवायचे आणि दूध शहाण्यासारखं वर आलेलं दिसलं की गंभीरपणे म्हणायचे, "हरलो."

काकांच्या गोष्टी मी घरात इतक्या वेळा सांगितल्यात की मी घसा खाकरला तरी मुलगी ओळखते. "बाबा, परत तो घोडावाला काकाची स्टोरी?" इंग्लंडात वाढलेलं मराठी आहे ते, समजून घ्या. आमची ही म्हणते, "सांगू दे गं त्याला. नाहीतरी शेवट तो सांगतच नाही." बायकोचं निरीक्षण बरोबर असतं तेव्हा फार बरोबर असतं. पाहुण्यांसमोर मी दूध सांगतो, मोजे सांगतो, बेटिंग शॉप सांगतो, हशा घेतो आणि जेवायला उठतो. शेवट पहिल्यांदाच लिहितो आहे.

पुण्याच्या कंपनीने मला लेस्टरला पाठवलं तेव्हा हिचा आणि मुलीचा व्हिसा व्हायचा होता. एकट्याला पुरेल अशी खोली शोधत बेलग्रेव्ह रोडवर फिरताना एका वाण्याच्या दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेलं कार्ड दिसलं. वर इंग्रजी, मग गुजराती आणि खाली कोपऱ्यात, कोणी वाचेल अशी आशा नसल्यासारखं बारीक मराठी: 'खोली देणे आहे. शाकाहारी, मांसाहारी कोणीही चालेल. बडबड्या नको.'

मी बडबड्या आहे हे त्यांना दहा मिनिटांत कळलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "निवड चुकली. असू दे. राहा."

गल्लीत बाकी सगळी गुजराती घरं, मराठी बोलणारे हे एकटेच. त्यामुळे त्यांचं मराठी वापर नसलेल्या भांड्यांसारखं होतं, जुनं आणि लख्ख. ते फोन करण्याला 'फोन लावणे' म्हणायचे पण मेलला 'टपाल'. लग्न केलेलं नव्हतं. मी एकदा आगाऊपणे कारण विचारलं तर म्हणाले, "एकदा चांगला भाव होता. मी फार विचार केला. तेवढ्यात शर्यत सुटली." त्यानंतर तासभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही, मला ओळखणाऱ्यांना खरं वाटणार नाही, गप्प बसलो.

सगळी नोकरी त्यांनी एका मोज्यांच्या कारखान्यात काढली होती. तपासनीस. मोज्यात हात घालायचा, बोटं फाकवायची, उजेडाकडे धरायचं. कुठे उजेड जास्त आला तर बाद. कारखाना बंद होऊन वर्षं लोटली तरी दारात बूट काढणाऱ्या प्रत्येकाच्या पायाकडे त्यांची नजर जायची. माझ्या डाव्या मोज्याचा अंगठा बाहेर आला होता, त्या दिवशी त्यांनी काही न बोलता माझ्या खोलीच्या दाराच्या कडीला नवीन जोड अडकवून ठेवला.

आणि घोडे. शनिवारी सकाळी ते दाढी करून, टाय लावून कोपऱ्यावरच्या बेटिंग शॉपमध्ये जायचे. एक शर्यत, एक घोडा, एक पौंड. शंभर पौंडांची 'बँक' त्यांनी फार पूर्वी वेगळी काढली होती, आणि बँकेचा शंभरावा भाग म्हणजे एक पॉईंट. तोच स्टेक, म्हणजे एका वेळी लावायची रक्कम. जिंकलं तरी एक, हरलं तरी एक. बँक संपली तर वरून भर नाही. घरी येऊन निकाल लिहायचा, शिल्लक मांडायची. संपलं.

मी हे फोनवर हिला सांगितलं.

"तू जुगाऱ्याच्या घरात राहतोस?"

"अगं, एक पौंड..."

"सुरुवात एक पौंडानेच होते. आईंना सांगू का मी?"

काका स्वयंपाकघरात होते, स्पीकरवरून सगळं ऐकत होते. त्यांनी हात पुढे केला, मी निमूटपणे फोन दिला. "सूनबाई," ते म्हणाले, "जुगारी हरला की स्टेक वाढवतो. गेलेलं एका फटक्यात परत आणायचं असतं ना त्याला. मी वाढवत नाही. हरलो तर हरलो असं लिहितो, आणि पुढच्या शनिवारी परत एक. तुमचा नवरा इथे सुरक्षित आहे. फक्त फार बोलतो." पलीकडून हसण्याचा आवाज आला. त्या दिवसापासून इथे येईपर्यंत ती मला वगळून थेट त्यांनाच फोन करायची.

घोडा हरला म्हणून त्याला नावं ठेवलेली त्यांना चालायची नाहीत. "घोड्याचा दोष नसतो. तो बिचारा धावतो. निवड आपली असते."

या सगळ्या नोंदी एका जुनाट संगणकावरच्या जुनाट प्रोग्रॅममध्ये होत्या. एक दिवस तो प्रोग्रॅम उघडेना. मी मोठ्या उत्साहाने त्यांना आजकालची बेट-ट्रॅकर्स, म्हणजे पैजांचा हिशेब ठेवणारी ॲप्स, दाखवली. त्यांत रंगीत आलेख होते, टक्केवारी होती, स्टेक किती लावा याचे पाच-पाच प्रकार होते. काकांनी एकेक आठवडाभर वापरून पाहिलं आणि मोजे बाद करावेत तसं बाद केलं. एक तर दर हरण्यानंतर विचारायचं, 'स्टेक वाढवायचा का?' काका म्हणाले, "ह्याला माझ्यापेक्षा जास्त घाई आहे."

मग मीच बसलो. कंपनीत मी जे करतो त्याचं वर्णन मला आजतागायत माझ्या आईला करता आलेलं नाही, पण काकांसाठी केलेलं काम सांगता येतं. तारीख, निवड, भाव, स्टेक, निकाल, शिल्लक असे सहा रकाने केले.

"शेरा?" काका म्हणाले.

"कशाला?"

"का हरलो ते कुठे लिहू?"

शेऱ्याचा रकाना टाकला. पन्नास अक्षरांची जागा. आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला जे केल्याशिवाय झोप येत नाही ते केलं: बॅकअप. नवीन नोंद झाली असेल तर दर रविवारी संध्याकाळी सगळी वही आपोआप माझ्या मेलवर येईल अशी सोय केली.

"म्हणजे दर रविवारी तुझ्याकडे टपाल येणार?" त्यांनी विचारलं.

"संपूर्ण वही, काका. एक ओळ हरवणार नाही."

"आणि तू वाचणार."

"येणार ना माझ्याकडे," मी म्हणालो. पुढच्या मिनिटाला, सवयीने, ती मेल परस्पर एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाईल अशी व्यवस्था केली. बॅकअप कोणी वाचत नाही. ती असल्याचं समाधान असतं, एवढंच.

रविवारी अकरा वाजता आमचा एक कार्यक्रम असायचा. बेलग्रेव्ह रोडवरून आणलेल्या मटाराच्या शेंगा, मधे वर्तमानपत्र, एका बाजूला ते, एका बाजूला मी. मी बोलायचो, ते सोलायचे. असाच एक रविवार आठवतो. आदल्या दिवशी हिचा वाढदिवस होता आणि मी साफ विसरलो होतो. आठवल्यावर मी घाबरून ठरवलं की सोन्याच्या बांगड्या पाठवायच्या, वर फुलं, वर तिच्या आईला साडी. काकांनी शेंग हातात तशीच धरली.

"हरलास?"

"हो."

"मग स्टेक वाढवू नकोस. फोन लाव आणि विसरलो म्हण."

लावला. तिने वीस मिनिटं झापलं आणि मग मुलीचा पहिला दात हलतोय हे सांगितलं. बांगड्यांचे पैसे वाचले, तेव्हापासून माझी काकांवर फार श्रद्धा.

व्हिसा झाला. दोघी आल्या. लगेचच मला लंडनच्या बाजूला काम मिळालं आणि आम्ही इल्फर्डला घर घेतलं. निघताना काका गाडीत सामान चढवत होते आणि मी बोलत होतो. "काका, लांब कुठे आहे, ट्रेनने येता-जाता कळत नाही. रविवारी येत जाईन मी. शेंगा तयार ठेवा."

"कोणत्या रविवारी?"

"कोणत्या म्हणजे? येतच जाईन."

त्यांनी मान हलवली. ती मान त्यांनी, निवडलेला घोडा पाहताना ते हलवायचे, तशी हलवली, हे मला आता दिसतं. तेव्हा मी गाडीच्या सॅटनॅव्हमध्ये रस्ता लावत होतो.

पुढची हकिगत तुमच्यापैकी ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना सांगायला नको. रविवारी स्विमिंग, रविवारी वाढदिवसाच्या पार्ट्या, रविवारी जुनी गादी टाकायला कौन्सिलचा कचरा-डेपो. एकदा खरंच निघालो तर रुळांच्या कामामुळे ट्रेनऐवजी बस होती. मी स्टेशनावरूनच परतलो, आणि सांगायला लाज वाटते, मला थोडं सुटल्यासारखं झालं. दिवाळीला फोन केला. ते म्हणाले, "बरा आहेस?" मी म्हणालो, "बरा आहे." एवढ्यावर बडबड्या माणसाचा फोन संपला.

एकदा मात्र त्यांनी आपणहून फोन लावला होता. मी ऑफिसात होतो.

"कामात आहेस?"

"बोला ना, काका."

"ती शेऱ्याची जागा पुरत नाही."

"किती हवी?"

"तू ठरव."

मी तिथल्या तिथे पन्नासाची पाचशे अक्षरं केली. पाच मिनिटांचं काम. काकांसाठी काहीतरी केलं या आनंदात मी दिवसभर सगळ्यांशी चांगला वागलो. कोपऱ्यावरच्या शॉपमध्ये एक पौंड लावणाऱ्या माणसाला पाचशे अक्षरांत काय लिहायचं असेल, हा प्रश्न मला पडला नाही.

मग एका सोमवारी, सकाळच्या मीटिंगमध्ये, फोनवर एक सूचना आली. ती मीच कधीतरी लावून ठेवली होती आणि विसरलो होतो: 'सलग दोन रविवार बॅकअप आलेली नाही.'

आता आमचा स्वभाव बघा. मेल येत होती तेव्हा मी एकदाही उघडली नाही. ती यायची थांबली तेव्हा धावलो. काहीतरी बिघडलं असणार म्हणून जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलो आणि फोल्डर उघडला. न वाचलेल्या टपालांचा ढीग. शेवटची वही उघडली आणि वरून वाचायला लागलो.

जुन्या घोड्यांच्या नोंदी मी निघालो त्याच आठवड्यात संपल्या होत्या. तिथे शेरा होता: 'शॉप बंद झालं. तिथे आता नखं रंगवून देतात. घरबसल्या लावणार नाही, टाय कुठे घालू?' त्याखाली नवीन बँक. पौंड नाहीत, नुसते पॉईंट. शंभर. आणि पुढच्या प्रत्येक ओळीत तारीख रविवारची. निवड एकच: 'इल्फर्ड'. स्टेक: एक.

पहिल्या रविवारी भाव होता एकाला एक. निकाल: हरलो. शेरा: 'घर लावत असतील. पहिल्याच आठवड्यात अपेक्षा नव्हती.'

पुढे भाव चढत गेला, म्हणजे आशा उतरत गेली. एकाला दोन. एकाला पाच. सगळीकडे 'हरलो', आणि स्टेक सगळीकडे एक.

'शेंगा आणल्या. मीच सोलल्या. बोलणारा नसला की लवकर होतं.'

'आज रुळांचं काम असल्याचं पेपरात होतं. स्टेशनावर जाऊन विचारून आलो. खरं आहे.'

'पावसामुळे असेल. इथे पडला नाही, तिकडे पडला असेल.'

'जागा पुरत नाही. उद्या फोन.'

आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात, ऐसपैस: 'जागा वाढवलीस, आभार. फोनवर आवाज बसलेला वाटला, आल्याचा रस घे. तू हे वाचतोस म्हणून लिहितो, एरवी कोणाला सांगणार. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. घरी कोण आहे असं हॉस्पिटलात विचारतात. मी तुझं नाव लिहिलं आहे, हरकत नाही ना? फोन करणार नाहीत ते, फक्त रकाना भरायचा असतो.'

माझ्यासमोर डब्यातला भात तसाच होता. ऑपरेशन झालं होतं, वर्षापूर्वी. शेजारच्या गुजराती बेन त्यांना घेऊन गेल्या होत्या. नंतरचा शेरा: 'आता सगळं स्पष्ट दिसतं. गल्लीच्या टोकापर्यंत माणूस ओळखू येतो.'

एकाला वीस. एकाला तेहेतीस. एकाला पन्नास. शंभराव्या ओळीत भाव होता एकाला शंभर, शिल्लक शून्य, आणि शेरा:

'शेवटचा पॉईंट गेला. बँक संपली की वरून भर घालायची नाही हा नियम तुला माहीत आहे. तुझा काही दोष नाही. निवड माझी. वही बंद करतो.'

मी घरी येऊन हिला वाचायला दिलं. तिने पूर्ण वाचलं, लॅपटॉप मिटला आणि मला काहीच बोलली नाही. वाढदिवसाला वीस मिनिटं झापणारी बाई.

त्या रविवारी निघालो. रुळांचं काम होतंच. निम्मा रस्ता बस, मग ट्रेन. हातात मिठाईचे तीन बॉक्स, एक शाल आणि मटाराच्या शेंगांची दोन किलोंची पिशवी. काकांच्या दाराशी पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. बेल वाजवली.

दार उघडलं. काका कोट घालून, टाय लावून, हातात टोपी घेऊन उभे होते. वाळले होते. त्यांनी आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज?" ते म्हणाले. "आज तर मी काही लावलंच नव्हतं."

"तुम्ही निघाला होतात का कुठे?"

"पार्कात. म्हातारे लोक लाकडी चेंडू घरंगळवतात, ते बघायला." मग जरा थांबून म्हणाले, "आता रविवार मोकळा असतो ना."

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. मी बूट काढले, त्यांनी मोजे पाहिले, पास केले. चहा ठेवला. दुधाचा भाव सांगितला नाही. मी येताना पाच तास जुळवलेली सगळी वाक्यं बाजूला राहिली आणि जे नको होतं तेच आधी बाहेर पडलं.

"काका, मी ते वाचलंच नव्हतं."

"काय?"

"शेरे. एकही नाही. मेल यायची, पण एका फोल्डरमध्ये जायची. मी परवाच्या सोमवारी पहिल्यांदा उघडलं."

ते पातेल्याकडे बघत राहिले. "म्हणजे रुळांचंही नाही?"

"नाही."

"डोळ्याचं?"

"नाही, काका."

दूध वर आलं. त्यांनी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. खूप चाललेला माणूस बसतो तसे बसले.

"बरं झालं," ते म्हणाले. "मला वाटत होतं, वाचतोस आणि येत नाहीस."

यावर मी काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की फार बोललो. तुम्ही आमच्याकडेच राहायला चला, वरची खोली रिकामी करतो, दर रविवारी येतो, शनिवारीच येतो, मुलीला तुमच्याकडे मराठी शिकायला पाठवतो, उन्हाळ्यात समुद्रावर जाऊ. काका ऐकत होते आणि वर्तमानपत्र पसरत होते. त्यांनी पिशवी उपडी केली. दोन किलो शेंगांचा ढीग पाहून एक बोट नुसतं वर केलं. मी थांबलो. आम्ही सोलायला बसलो.

निम्मा ढीग झाल्यावर मी म्हणालो, "नवीन बँक उघडूया."

"माझी संपली. नियम आहे."

"माझ्या नावाने. निवड मीच. आणि बॅकअप तुमच्याकडे येईल."

त्यांनी विचार केला. "शंभर पॉईंट?"

"शंभर. भाव काय देता?"

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, उजेडाकडे धरल्यासारखं. "तीन रविवारांपूर्वी शंभर देत होतो," ते म्हणाले. "आज आलास. पन्नास देतो."

पुढच्या रविवारी मुलीच्या क्लबची स्विमिंग गाला, म्हणजे पोहण्याच्या शर्यती, निघाली. महिनाभर आधी ठरलेली, फ्रिजवर कागद लावलेला, मी दर सकाळी दूध काढताना पाहिलेला. "जा तू काकांकडे," ही म्हणाली. मुलीने नुसतं पाहिलं. मी गालाला गेलो. ती चौथी आली.

संध्याकाळी मी वही उघडली. निकाल: हरलो. शिल्लक: नव्व्याण्णव. शेऱ्याच्या रकान्यात पाचशे अक्षरं आहेत आणि मी ती सगळी वापरली: गालाचं सांगितलं, माफी मागितली, पुढच्या आठवड्यात आम्ही तिघंही येतो, दोन दिवस राहतो, घरचं सगळं जेवण हीच करून आणेल, शिवाय तुमच्यासाठी नवीन कोट पाहून ठेवला आहे. जागा संपली म्हणून थांबलो. सात वाजता बॅकअप गेली.

सोमवारी सकाळी उत्तर आलं. आधी वाटलं काहीतरी बिघडलं, कारण बॅकअपला कधी उत्तर येत नसतं.

'शेरा वाचला. चौथी म्हणजे वाईट नाही. स्टेक वाढवू नकोस.'